बाहेरची कडी

भगवंतराव गल्लीत वळून सायकलवरून उतरले, तेव्हा त्यांच्याच घराच्या खिडकीतून, गजांमधून, एक हात बाहेर आलेला होता आणि तो त्यांना बोलावत होता. त्या हाताला घाई नव्हती. बाजारात कुणी ओळखीचे दिसले तर लांबून जसे हळूच बोलवावे, तसे. मनगट बोडके होते आणि बोटांवर पीठ वाळले होते. भगवंतराव सायकल हाताने ढकलत खिडकीपाशी गेले. गजांमागे त्यांच्या सासूचा चेहरा होता. पदर नीट डोक्यावर घेतलेला. ती त्यांच्याकडे पाहून हसली, पण ते हसू त्यांच्यासाठी नव्हते. रस्त्यावरच्या कुठल्याही भल्या माणसासाठी ते होते.

"भाऊ, ओ भाऊ. जरा एक काम करता का?"

भगवंतराव थांबले. "काय काम?"

"दाराला बाहेरून कडी लागलीय बघा. तेवढी काढा. मला निघायला उशीर व्हायलाय."

"कुणी लावली?"

"आता ते मला काय ठावं? माणसं तर बरी दिसतात या घरातली. चुकून लागली असंल. मुद्दाम कोण कुणाला कोंडंल?"

किल्ली भगवंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात होती. एरवी ते बाहेरूनच हाक द्यायचे, मामी, मी आलो, आणि ती आतून म्हणायची, आलात का, या. त्या दिवशी त्यांच्या तोंडून हाक निघाली नाही. त्यांनी परक्या माणसासारखे कुलूप काढले, कडी काढली आणि बाजूला झाले. ती उंबऱ्याबाहेर आली, पायरीवर थांबली, आणि "देव तुमचं भलं करो बाबा" असे म्हणून सरळ रस्त्याला लागली. तेव्हा कुठे ते भानावर आले. चार पावले धावून त्यांनी तिचे कोपर धरले. ती थांबली. आधी तिने कोपरावरच्या हाताकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "सोडा," ती म्हणाली. ओरडली नाही. "परक्या बाईच्या अंगाला हात लावता? घरी आयाबहिणी नाहीत का?" शेजारच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या तेलुगू बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. भगवंतरावांनी कोपर सोडले नाही. तसेच धरून त्यांनी तिला आत आणले आणि दार लावले.

चहा होईपर्यंत ती सगळे विसरली. कपात बोट बुडवून चहा गरम आहे का पाहिले, आणि म्हणाली, "जावईबापू, आज लवकर आलात." ती विसरली, पण ते विसरले नाहीत. बरी माणसं दिसतात या घरातली. शिवी दिली असती तर त्यांना सोसले असते. कचेरीत तीस वर्षे त्यांनी वरच्यांची बोलणी खाल्ली होती आणि घरी येताना ती रस्त्यात टाकून दिली होती. पण आपण कोंडलेले माणूस आपल्याविषयी रस्त्यावरच्या वाटसरूजवळ चांगले बोलते, हे टाकायचे कुठे? आणि कोपर. लग्नानंतर सासूच्या अंगाला आपला हात कधी लागल्याचे त्यांना आठवेना. मामी म्हणायचे, खाली वाकून नमस्कार करायचा, पायांना हात लागायच्या आतच ती पाय मागे घ्यायची. समोर आली की पदर पुढे ओढायची, बोलायचे झाले तर भिंतीकडे बघून बोलायची. तिच्या पोटी सत्यवती एकटीच. नवरा वारल्यावर नांदेडकडचे घर-शेत दिरांनी घेतले, आणि भगवंतरावांनीच तिला हैदराबादला, नल्लकुंट्याच्या या घरी आणले. लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये अशी तिची समजूत. पहिल्या दिवशी ती स्वतःचे ज्वारीचे गाठोडे घेऊन उतरली होती, आणि सत्यवती हसत म्हणाली होती, "ज्वारी आणलीस ते ठीक, पाणी कुठून आणणार? गोदावरीहून?" तेव्हा तीही हसली. पण पुढे कैक दिवस ती जेवायला बसताना थोडी तिरकी बसायची, आता उठून जाणार असल्यासारखी.

मग तिचे डोके चालेनासे झाले. ते एका दिवसात झाले नाही. भाजीत दोनदा मीठ पडू लागले, सत्यवतीला ती आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली, अंघोळ करून आली की पुन्हा अंघोळीला निघायची. भगवंतरावांना वाटले, वय झाले. डॉक्टरांना दाखवले तर त्यांनी तिची जीभ पाहिली, डोळे पाहिले, तिला वाराचे नाव विचारले. "वार तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेले," ती म्हणाली. डॉक्टर हसले. म्हणाले, याला औषध नाही, फक्त दार सांभाळा. कडी वर बसवा, म्हातारी माणसे वर पाहत नाहीत. सुताराकडून त्यांनी दाराच्या डोक्याशी कडी बसवून घेतली. ती दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी म्हातारीने जेवायचा पाट उभा केला, त्यावर चढली आणि कडी काढली. मग बेगम बाजारातून बैलाच्या गळ्यातली घंटा आणून त्यांनी दाराला बांधली. घंटा वाजली की सत्यवती धावायची. पुढे म्हातारी एका हाताने घंटा मुठीत धरून दुसऱ्या हाताने दार उघडू लागली. वार आठवत नव्हता, पण हे सुचत होते.

पुढे तिची निघायची वेळ मात्र ठरून गेली. दिवसभर ती शांत असायची. उन्हे भिंतीवरून वर सरकली की तिची चुळबुळ सुरू व्हायची. लुगड्याची घडी करायची, मोडायची, गाठोडे बांधायचे. "लेकीच्या घरी किती दिस राहावं माणसानं? लोक काय म्हणतील? निघते आता." कुठे, असे विचारले की ती गाठोड्याची गाठ पुन्हा आवळायची. आणि नेमकी तीच वेळ दार उघडे ठेवायची. दिवेलागणीला घराचे पुढचे दार बंद ठेवत नाहीत, लक्ष्मी येण्याची वेळ, दार बंद पाहिले की ती परत फिरते, हे ज्याने त्याने आईकडून ऐकलेले. भगवंतराव सत्यवतीला म्हणाले होते, एवढा एक तास लावून घे दार, लक्ष्मीला मी सांगतो मागच्या दाराने ये म्हणून. सत्यवती हसली नाही. "माझ्या घरात दिवेलागणीला दार लागायचं नाही," ती म्हणाली. "मी मेल्यावर लावा." गेल्या साली ती काविळीने गेली. आठ दिवसांत पिवळी पडली आणि गेली. आणि त्यांनी दार लावले.

लावले म्हणजे लगेच नाही लावले. आधी ते विचार करत राहिले, की तिने कसे सांभाळले. दार सताड उघडे, म्हातारी गाठोडे घेऊन तयार, आणि तरी सत्यवती असताना ती एकदाच निसटली होती, तीही सत्यवती तापात होती तेव्हा. कसे? त्यांना आठवेना. रोज संध्याकाळी त्या घरात ते होते, वर्तमानपत्र वाचत खुर्चीवर बसलेले, आणि त्यांनी पाहिलेच नव्हते. मग एका संध्याकाळी खुर्चीवर त्याच जागी बसून दाराकडे बघताना त्यांना ती दिसली. सत्यवती उंबऱ्यावर बसलेली असायची. एक पाय आत, एक बाहेर, मांडीवर ताट, ताटात डाळ नाही तर तांदूळ. भगवंतराव तिला रोज टोकायचे. "उंबऱ्यावर बसू नये गं तिन्हीसांजेला. तू एवढं देवाधर्माचं करतेस आणि हे कसं चालतं तुला?" ती म्हणायची, "वारा येतो इथं." त्यांना वाटायचे, हिला वारा लागतो. ती दारात स्वतःच कडी होऊन बसत होती, हे वर्ष-दीड वर्ष समोर घडत असून त्यांना कळले नव्हते, आणि कळले तेव्हा तिला तसे सांगायला ती नव्हती. तूर निवडता निवडता ती आईशी बोलत असायची. आई मागून म्हणायची, सरक, मला जायचंय. ती म्हणायची, जाशील गं, एवढे खडे काढते आणि मग तुला सोडायला येते. खडे संपायचे नाहीत. अंधार पडला की म्हातारी कशाला निघालो होतो ते विसरायची.

मग भगवंतरावही एका संध्याकाळी उंबऱ्यावर बसले. मांडीवर ताट घेतले. तांदूळ निवडता येत नव्हते, नुसतेच बोटांनी इकडचे तिकडे करत राहिले. मागे म्हातारीची पावले वाजली आणि थांबली. ते वाट पाहत राहिले, की ती म्हणेल, सरका. त्यांनी मान वळवून पाहिले. भिंतीला पाठ लावून, पदर पुढे ओढून, गाठोडे छातीशी धरून ती उभी होती. जावई दारात बसलेला. त्याला ओलांडता येत नव्हते, सरका म्हणता येत नव्हते, त्याच्यासमोर बसताही येत नव्हते. गाव, नवरा, वार, सगळे तिच्या डोक्यातून गेले होते, पण जावयाची मर्यादा गेली नव्हती. रस्त्यावरचा दिवा लागला तरी ती उभीच. त्यांनी ताट उचलले आणि उठले. परत त्या जागी ते बसले नाहीत.

तरी तेव्हा शेजारी इंदुताई होत्या. इंदुताईंचे यजमान नामदेवराव आणि भगवंतराव महसूल खात्यात एकाच खोलीत बसायचे. दिवसा म्हातारीकडे इंदुताईंचा कान असायचा. ती निसटली तरी कुणी ना कुणी तिला परत आणायचे. विद्यानगरच्या वाटेवरचा इराणी हॉटेलवाला, दूधवाला, कधी कुणी रिक्षावाला, "साब, आपकी अम्मा बस के अड्डे पे बैठे थे," म्हणत. सगळ्या मोहल्ल्याला ती ठाऊक होती. मग हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. तेलुगू जिल्हे इकडे, कानडी तिकडे, मराठी मुंबई राज्यात. कचेरीत लांब टेबल टाकून मिसली, म्हणजे दप्तरातल्या फायली, वाटायचे काम भगवंतरावांकडे आले. तीन ढीग. जिल्ह्याचे नाव वाचायचे आणि ढिगावर टाकायचे. काम सोपे होते, फक्त काही मिसली अशा निघायच्या की त्यांत तीनही मुलखांचे कागद एकात एक शिवलेले असायचे. त्या भगवंतराव बाजूला ठेवायचे. संध्याकाळी तो बाजूचा ढीगच सगळ्यांत उंच झालेला असायचा, आणि नामदेवराव म्हणायचे, "भगवंता, तुझं चौथं राज्य झालं बघ." मग नामदेवरावांचा बदलीचा हुकूम आला. ट्रकमध्ये पलंग, पिंप, तुळशीचे वृंदावन चढले. इंदुताई म्हातारीच्या गळ्यात पडून रडल्या. म्हातारीनेही त्यांची पाठ थोपटली. "रडू नको, सासरी सगळ्यांनाच जावं लागतं," म्हणाली. ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी कचेरीला निघताना पहिल्यांदा बाहेरून कडी घातली आणि तिला कुलूप लावले. चौकातून परत आले, कुलूप ओढून पाहिले. मग गेले.

आता त्यांचाही हुकूम आला होता. औरंगाबाद. एक पायरी वरची जागा, आणि दिवाळीच्या आत हजर व्हायचे. ज्याला इथेच राहायचे त्याने तसे लिहून द्यावे, पण मग वरची जागा नाही, आणि पुढे काम तेलुगूत चालेल. औरंगाबादेत घरे मिळत नव्हती, नामदेवराव चौघांत एका खोलीत राहत होते आणि इंदुताई माहेरी. तिथे म्हातारीला घेऊन जायचे तर कुठे? तिथला इराणी तिला ओळखणार नव्हता. तिथे ती दारातून बाहेर पडली की गेलीच. आणि इथे ठेवायची तर बाहेरची कडी. त्या दिवशीच्या त्या हाकेनंतर भगवंतराव कुलूप लावायला गेले की त्यांचा हात थांबायचा. त्यांनी रजा टाकली. रजेत ते आणि म्हातारी दोघे घरात बसून राहिले. ती दाराशी जायची, ते उठायचे, ती परतायची, ते बसायचे. दिवसभर दोघांत एवढेच चालायचे. बाहेर भाजीवाली ओरडत जायची, आणि आपल्याला भाजी घ्यायची आहे हेही त्यांना गाडी पुढे गेल्यावर आठवायचे. "सत्या कुठं गेली?" ती विचारायची. सुरुवातीला त्यांनी खरे सांगितले होते. ती ऊर बडवून रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, आणि पुन्हा तशीच रडली, नव्याने. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, नळावर गेलीय. तेव्हापासून सत्यवती नळावर होती.

तेव्हा हिम्मतराव आला. म्हातारीच्या बहिणीचा मुलगा, बेगम बाजारात मिरची-चिंचेची आडत. माणूस रोखठोक. बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, तुमच्या सरकारनं अख्खी रियासत तीन जागी वाटली, अन् तुम्हाला एक म्हातारी वाटून देता येईना का? द्या इकडं मावशीला. तुम्ही निघा औरंगाबादला." भगवंतराव म्हणाले, "ती निघून जाते रे बाहेर." "जाती कुठं? येऊन बघा तर." ते बघायला गेले. दुकानामागे जिना, वर खोली. खोलीत खाट, मोरी, वर लहानसा झरोका. दार जाड सागवानी, माल ठेवायच्या कोठीचे. बाहेरून लोखंडी अडसर. हिम्मतरावाने तो एका हाताने आडवा टाकून दाखवला, आणि त्याला त्याचा अभिमान होता. "हत्ती आला तरी उघडायचा नाही. दोन टाइमाला जेवण वर पाठवतो. माझी बायको तिची वेणीफणी करंल. अजून काय पाहिजे?" भगवंतराव आत गेले. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांना पाणी आले. म्हणाले, "लाव बरं एकदा." अडसर पडला. अंधार झाला. खालून तराजूचा, हमालांचा आवाज येत होता, पण सगळे लांबचे, पाण्याखालून ऐकल्यासारखे. भगवंतराव खाटेवर बसले. त्यांना वाटले होते, जीव घाबरेल, आणि मग नको म्हणायला बरे पडेल. जीव घाबरला नाही. उलट सत्यवती गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हलके वाटले. इथे दार सांभाळायचे काम दुसऱ्याचे होते. "दाजी, काढू का?" बाहेरून हिम्मतराव म्हणाला. "दाजी? ओ दाजी, झोपलात का काय?" भगवंतरावांनी बऱ्याच वेळाने, काढ, म्हटले. बाहेर येऊन त्यांनी होकार दिला. पायऱ्या उतरताना त्यांना कळत होते, की होकार त्यांनी तिच्या सोयीसाठी दिलेला नाही.

न्यायचा दिवस ठरला. हिम्मतराव संध्याकाळी रिक्षा घेऊन येणार होता. सकाळी भगवंतरावांना कचेरीत जाऊन कामाचा ताबा द्यायचा होता. निघताना त्यांनी कुलूप हातात घेतले आणि खिळ्याला परत टांगून ठेवले. आजचा एक दिवस तरी नको. दार नुसते ओढून घेतले आणि शेजारच्या तेलुगू बाईंना सांगितले. बाई मोडक्या उर्दूत म्हणाल्या, "मैं देखती, आप जाओ." ते कचेरीत गेले, तीन ढीग दुसऱ्याच्या हवाली केले आणि उन्हे उतरायच्या आत परतले. तेलुगू बाई रस्त्यातच भेटल्या. घाबरलेल्या होत्या. "अम्मा अंदर से डाल लिये. मैं इत्ता बुलाई, नै खोल रै."

भगवंतरावांनी दार ढकलले. आतून कडी होती. दोन वर्षे ते दार तिने उघडू नये म्हणून त्यांनी काय काय केले होते, आणि ती आतून लावून घेईल हे त्यांच्या मनातही आले नव्हते. त्यांनी दार वाजवले.

"कोण हाय?" आतून आवाज आला, अगदी दाराला लागून.

"मामी, मी."

"मी मी करू नका. नाव सांगा."

"भगवंत."

"ते कचेरीत गेलेत. संध्याकाळी या."

"अहो मामी, मीच तो. उघडा."

"असं समदेच म्हणतात. घरात गडीमाणूस नाही. मी दार उघडायची नाही."

तेलुगू बाईंना ते कळले नाही, पण त्या तोंडाला पदर लावून हसल्या. भगवंतरावांनाही हसू आले असते. ती त्यांचे घर राखत होती, त्यांच्यापासून. "तुमची लेक कुठं आहे?" त्यांनी विचारले. का विचारले ते त्यांना सांगता आले नसते.

"नळावर गेलीय. येईल आता."

"आणि जावई कसे आहेत तुमचे?"

मग ती बोलली, आणि आवाज जरा खाली आला, शेजारणीशी बोलावे तसा. "बरे हायत. पान नाही, तंबाखू नाही. पण लई भित्रे. सारखी दारं लावत्यात. मला राग येतो कवा कवा. पण सत्या म्हणते, आई, त्यांच्यावर रागवू नको. ते एकटे राहिले की त्यांना काय सुचत नाही. मी नसले की तू त्यांच्याजवळ बस, म्हणते."

"केव्हा म्हणाली?"

"आत्ताच की. जाताना."

भगवंतराव दाराला हात लावून उभे राहिले. सत्यवतीचे शेवटचे दिवस त्यांनी मनात इतक्या वेळा उलटेपालटे केले होते की आता त्यात नवे काही सापडेल असे त्यांना वाटत नव्हते. ती त्यांच्याशी औषधाचे बोलली होती, डाळीच्या डब्याचे बोलली होती, आईचे दार सांभाळा म्हणाली होती. आईला तिने त्यांच्याविषयी काही सांगितले असेल, दोघी बायका आतल्या खोलीत त्यांना सांभाळायचे ठरवत असतील, हे त्यांना माहीत नव्हते. खरेच म्हणाली होती, की ही म्हातारी मनचे बोलत होती? विचारायला कुणी नव्हते. जिला ठाऊक होते ती नव्हती, आणि जी सांगत होती तिला आजचा वार सांगता येत नव्हता. पण ते एकटे राहिले की त्यांना काय सुचत नाही, हे वाक्य सत्यवतीचे होते. ते तसे म्हणायची तिची लकब, त्यातला तो थोडा कंटाळा, त्यांनी ओळखला.

रिक्षा येऊन थांबली. हिम्मतराव उतरला. "काय दाजी, तुम्हालाच कोंडलं का बाहेर?" सगळे ऐकून त्याने बाह्या सारल्या. "बाजूला व्हा. एक खांदा दिला की कडी हातात येती."

"थांब," भगवंतराव म्हणाले. "ती घाबरेल. दिवेलागण होऊ दे, उघडेल ती."

"तिला दिवेलागण कळती व्हय? दिवाळीची गर्दी टाकून आलोय मी."

"थांब म्हटलं ना."

तिघे उभे राहिले. रिक्षावाला, "कित्ता ठैरना साब," म्हणून दोनदा विचारून बिडी ओढू लागला. समोरच्या माडीवरचे ऊन गेले. तेलुगू बाई आपल्या दारात पणती ठेवून आत गेल्या. मग आत काड्यापेटी वाजली, एकदा, दोनदा. कडी सरकली, आणि दाराच्या दोन्ही फळ्या तिने भिंतीपर्यंत सताड उघडल्या, रोज उघडाव्यात तशा. मागे देवापुढे निरांजन लागलेले दिसत होते. तिने आधी हिम्मतरावाला पाहिले.

"मावशी, चला. न्यायला आलोय."

तिचा चेहरा उजळला. "आलास बाबा? कवाची वाट बघायले." ती आत गेली आणि लगेच आली. गाठोडे बांधलेलेच होते. हिम्मतरावाने ते तिच्या हातातून घेतले आणि भगवंतरावांकडे पाहून डोळे मिचकावले, बघा, किती सोपे होते. ती पायरीवर आली. पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत म्हणाली, "जावईबापू, येते मी. लई दिस राहिले. सत्या आली की सांगा."

आता त्यांनी काही करायचे नव्हते. नुसते उभे राहायचे, की सगळे आपोआप होणार होते. ती आनंदाने रिक्षात बसणार होती, आनंदाने तो जिना चढणार होती, आणि अडसर पडल्यावर कुणाला तरी आतून हाक मारणार होती. खाली मिरचीच्या पोत्यांच्या गोंगाटात ती कुणाला ऐकू जाणार नव्हती.

"मामी," भगवंतराव म्हणाले. "सत्यवती नळावर नाही गेली."

"मग?"

"ती येणार नाही. घरात मी एकटाच आहे."

हिम्मतराव पुटपुटला, "दाजी, आता कशाला..." आता ती ऊर बडवेल म्हणून भगवंतराव वाट पाहत होते. ती रडली नाही. तिने भिंतीवरची नजर काढली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तसे तिने आजवर कधी पाहिले नव्हते. त्यातले किती तिला कळले, ते सांगणे कठीण.

"एकटे?" ती म्हणाली. मग हिम्मतरावाकडे हात केला. "आण ते गठुडं इकडं."

"मावशी, रिक्षा थांबलीय."

"थांबू दे नाही तर जाऊ दे. एकट्या माणसाला दिवेलागणीचं टाकून जात्यात का कुठं? आण."

हिम्मतराव गाठोडे धरून उभा राहिला. "दाजी, आवरा हिला. तुमचा औरंगाबादचा हुकूम हाय ना?"

"नाही जात मी. उद्या लिहून देतो, इथंच राहतो म्हणून."

"अन् मग? जन्मभर हे दार राखत बसणार?" हिम्मतराव एकदा तिच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होता, आणि दोघांकडे बघायची त्याची नजर सारखीच होती. भगवंतरावांनी त्याच्या हातातून गाठोडे घेतले. त्याने दिले. रिक्षा गल्लीतून वळून जाईपर्यंत त्याचा आवाज येत होता, तो रिक्षावाल्याला काहीतरी समजावून सांगत होता.

ती आत गेली होती. भगवंतराव तिच्यामागे आत आले, गाठोडे खुर्चीवर ठेवले आणि दार तसेच उघडे टाकून उभे राहिले.

"दार लावून घ्या," ती म्हणाली.

"दिवेलागण आहे, मामी."

"असू द्या. लावा. न्हाई तर तुम्ही जाल निघून कुठंतरी."

त्यांनी दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली. ती जवळ आली, कडी नीट लागली की नाही ते हाताने ओढून पाहिले, आणि मग चुलीकडे गेली.